ढोकळ्यावरचे लाल ठिपके: सुट्टीत मुलांसोबत घरच्या घरी रसायनशास्त्र

पाटीपेन्सिल | 3 मे, सकाळी 11:20

गेल्या रविवारी खमण ढोकळा केला. घाईत सोडा नीट फेटला गेला नाही आणि ढोकळ्यावर लाल ठिपके उठले. कधी ना कधी सगळ्यांकडे होतं हे. धाकटीने (वय 8) ताटलीत बघून विचारलं, "हे लाल कुठून आलं?" मी सवयीने सांगून टाकलं, "सोडा जास्त झाला की होतं तसं." ती म्हणाली, "पण सोडा पांढरा आहे. बेसन पिवळं आहे. लाल तर आपण काहीच घातलं नाही."

मी गप्प झाले. इतकी वर्षं ढोकळा करतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मग दोघी ओट्यापाशी उभ्या राहिलो. एका वाटीत बेसन आणि पाणी, दुसरीत हळद आणि पाणी. दोन्हीत चिमूट चिमूट सोडा घातला. बेसन होतं तसंच राहिलं, हळदीचं पाणी नारिंगी झालं. लिंबू पिळलं तर फसफसून परत पिवळं. तिने तो खेळ सात वेळा केला आणि माझी दोन लिंबं संपवली.

आता सोसायटीतली सहा मुलं रोज संध्याकाळी "आज काय करायचं" म्हणून दाराशी येतात. वयं 7 ते 12. मी वाणिज्य शाखेची, रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलं. जालावर पाहिलं तर सगळीकडे तोच ज्वालामुखी: सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फेस, टाळ्या. आम्हीही केला. मुलं खूश झाली, पण कुणी एकही प्रश्न विचारला नाही. ढोकळ्यावरून मात्र दहा प्रश्न आले होते. तसलं काही हवंय मला. स्वयंपाकघरात किंवा किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंतून काय काय करता येईल? आणि काय अजिबात करू नये, तेही सांगा.

काजूबोंड | 3 मे, दुपारी 1:05

छान धागा! आम्ही रत्नागिरीकडचे, सध्या रातांब्याचे दिवस आहेत. कोकमाचा रस काढताना हात लाल होतात, ते साबणाने धुवायला गेलं की डाग काळपट-निळसर होतात. लहानपणी वाटायचं, डाग पक्का झाला. आता मुलाला तेच करून दाखवलं. कपभर पाण्यात थोडा रस, त्यात सोडा: लाल जाऊन शेवाळी, मळकट रंग येतो. परत आंबट घातलं की लाली परतते. आगळ (मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस) वापरू नका, त्यात मीठ फार असतं आणि ते इतकं आंबट की सोडा घालून घालून हात दुखतो.

दारातली लाल जास्वंदही घ्या. पाकळ्या गरम पाण्यात कुस्करा. लिंबाने गुलाबी, सोड्याने हिरवं. गोकर्णाचं निळं पाणी लिंबाने जांभळं होतं.

दूरदेशी | 3 मे, संध्याकाळी 7:48

इथे न्यू जर्सीत जास्वंद कुठली, आम्ही लाल कोबी उकळतो. घरभर वास येतो पण रंग सुरेख मिळतात. धुण्याच्या पावडरीत हिरवट-पिवळा, सोड्यात निळा, व्हिनेगरमध्ये गुलाबी. मुलीने बर्फाच्या साच्यात ओळीने मांडले होते.

निवृत्त_मास्तर | 4 मे, सकाळी 6:30

पाटीपेन्सिल ताई, बेसन वेगळं आणि हळद वेगळी तपासलीत, हीच खरी प्रयोगाची रीत. मी सोलापूरला 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. थोडं सविस्तर लिहितो.

हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्लात आणि साध्या पाण्यात तो पिवळा राहतो, आम्लारीत (सोडा, साबण, चुना अशा आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांत) लालसर तपकिरी होतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तो यामुळेच, आणि हळदीत चुना घालून पारंपरिक कुंकू करतात तेही याच गुणावर. काजूबोंड यांनी सांगितलेले रंग वेगळ्या कुळातले, त्यांना अँथोसायनिन म्हणतात. कोकम, जास्वंद, गोकर्ण, लाल कोबी, जांभूळ ही सगळी एकाच घरची भावंडं. त्यामुळे हळद एक आणि अँथोसायनिन एक, असे दोन दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारे) झाले की मुलांना ताडून बघता येतं.

आता ढोकळ्याची पुढची गंमत. तुमच्या वाटीत पाणी नारिंगीच झालं, पण ढोकळ्यावरचा ठिपका चांगला लाल होता. बरोबर? खाण्याचा सोडा जेमतेम आम्लारीधर्मी असतो. वाफेत तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. तो कितीतरी जास्त आम्लारीधर्मी. करून बघा: चमचाभर खाण्याचा सोडा कोरड्या तव्यावर दहा मिनिटं भाजा, गार करा आणि साधा व भाजलेला असे दोन्ही हळदीच्या कागदावर ओले करून लावा. फरक लगेच दिसेल. भाजलेला सोडा चाखायचा नाही, हाताला लागला तर धुवायचा.

हळदीचा कागद असा करा: हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून जखमेला लावायच्या स्पिरिटमध्ये अर्धा चमचा कालवा. गाळ बसला की वरच्या पिवळ्या पाण्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. उन्हात वाळवलात तर रंग उडेल. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम मोठ्यांनी, गॅस बंद असताना, खिडकी उघडून.

वऱ्हाडी_ठेचा | 4 मे, सकाळी 9:12

मास्तर, तुम्ही लोणारची आठवण करून दिली. मी मेहकरचा. आमच्या शाळेची सहल लोणार सरोवराला गेली होती, तेव्हा आमच्या सरांनी खिशातून हळदीची पट्टी काढून काठावरच्या पाण्यात बुडवली. पट्टी लाल झाली. उल्का पडून झालेलं विवर वगैरे पुस्तकात वाचलं होतं, पण हे पाणी खारंच नाही तर सोड्यासारखंही आहे, हे त्या पट्टीने डोक्यात बसलं. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा गावात लोक काहीबाही बोलत होते. मी म्हणायचो, आधी पाणी कसलं आहे ते समजून घ्या. अशा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, हे नंतर तपासणीत निघालंच. अभयारण्य आहे, तिथून काही उचलून आणू नका. पट्टी बुडवून बघण्यापुरतंच.

फुलबाजी | 4 मे, रात्री 10:02

हे सगळं ठीक, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना जरा धमाका हवा असतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की आपोआप पेटतं. आम्ही शाळेत असताना घरीच करायचो. शिवाय बाटलीत सोडा-व्हिनेगर घालून घट्ट झाकण लावलं की मस्त आवाज होतो.

निशिगंध | 4 मे, रात्री 11:15

फुलबाजी, कृपा करून हे दोन्ही करू नका आणि मुलांना सुचवूही नका. मी नेत्ररुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. परमँगनेट कधी पेटेल हे हातात नसतं. कधी चटकन पेटतं, कधी मिनिटभर काहीच होत नाही, आणि नेमकं त्याच वेळी मूल वाकून बघतं. बंद बाटलीचंही तेच. एका उन्हाळी शिबिरातून आलेला नऊ वर्षांचा मुलगा मला आजही आठवतो. बाटली फुटली नाही म्हणून तो जवळ गेला होता. झाकण डोळ्यावर बसलं.

धाग्यावर आणखी एक गोष्ट ठळक लिहून ठेवते: पानाचा चुना. त्याची प्लॅस्टिकची पुडी किंवा नळी मुलं हाताने दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना आम्लारी आहे, तो बुबुळाच्या आत आत जाळत जातो. असं झालं तर एक क्षणही न थांबता नळाच्या पाण्याने डोळा धुवायला लागा. पापण्या उघड्या धरून, निदान अर्धा तास. चुन्याचे कण पापणीच्या आत अडकलेले असतात, ओल्या स्वच्छ फडक्याने ते काढा. मग दवाखाना. लिंबू, दूध, तूप काही घालायचं नाही. आधी दवाखान्यात पळतात आणि वाटेत वेळ जातो, ही चूक आम्ही कायम बघतो.

आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो. "घरातलं साहित्य" म्हटलं की मुलं न्हाणीघरातल्या बाटल्याही घरातल्याच समजतात. त्यांची चूक नाही. आपणच यादी ठरवून द्यायला हवी.

फुलबाजी | 5 मे, सकाळी 8:40

निशिगंध ताई, पटलं. चुन्याचं मला खरंच माहीत नव्हतं. घरात सासऱ्यांची पुडी खालच्याच फडताळात असते. आत्ता उचलून वर ठेवली.

पाटीपेन्सिल | 9 मे, रात्री 9:30

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय झालं ते लिहिते.

निशिगंध ताईंमुळे पहिल्या दिवशी नियम केला: प्रयोगाच्या ट्रेमध्ये जे आहे तेवढंच वापरायचं. ट्रेमध्ये हळद, खाण्याचा सोडा, लिंबं, मीठ, साखर, तुरटी, चिंच, साबण, राख, पापडखार. न्हाणीघरातलं काही नाही. तोंडात काही घालायचं नाही, आणि प्रयोगाची भांडी स्वयंपाकाला परत येणार नाहीत.

दुसरा नियम मुलांनीच केला. करायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, काय होईल. चुकलं तरी खोडायचं नाही. हळदीच्या पट्टीवर पापडखार, राखेचं पाणी, साबण लाल ठरले. दूध, ताक, मीठ, साखर पिवळे. शांपूबद्दल सगळ्यांनी "लाल" लिहिलं होतं, तो पिवळाच राहिला. मग सातवीतल्या मुलाने चार घरांतले चार शांपू आणून तपासले. भाजलेल्या सोड्याचा प्रयोगही झाला, मास्तर. साध्याचा डाग नारिंगी, भाजलेल्याचा विटेसारखा लाल. धाकटीने वहीत लिहिलंय: "ढोकळा म्हणजे तवा पण आहे."

एक अडचण मात्र आहे. सोडा-लिंबातून "काहीतरी उडून जातं" हे दाखवायला मी स्वयंपाकघरातला वजनकाटा लावला, 1 ग्रॅमपर्यंत दाखवतो. ग्लासात 5 ग्रॅम सोडा आणि लिंबूसत पाण्यात विरघळवून केलं. उघड्या ग्लासात वजन 2 ग्रॅमने घटलं, सगळे खूश. मग म्हटलं, वायू अडवला तर वजन घटायला नको. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून केलं. फुगा टम्म झाला. तरीही वजन 1 ग्रॅमने कमी! तीन वेळा केलं. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून बघितली, कुठे बुडबुडा नाही. मुलं म्हणतात, काटा खोटं बोलतोय. मला उत्तर देता आलं नाही, "विचारून सांगते" म्हटलंय.

निवृत्त_मास्तर | 10 मे, सकाळी 6:10

ताई, तुमचा निरोप वाचून मला इतका आनंद झाला की चहा गार झाला. काटा खरं बोलतोय, मुलांची शंकाही रास्त आहे आणि काही गळलेलंही नाही.

आधी उघड्या ग्लासाचा हिशोब. 84 ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे 5 ग्रॅममधून साधारण 2.6 ग्रॅम. थोडा पाण्यात विरघळून राहतो, म्हणून 2 दिसले. पूर्ण अभिक्रियेला 5 ग्रॅम सोड्याला जवळपास 4 ग्रॅम लिंबूसत लागतं. लिंबाचा रस घेतला तर दोन-तीन लिंबं, आणि मे महिन्यात ती परवडत नाहीत. लिंबूसत घेतलंत ते शहाणपणाचं.

आता फुगा. तेवढाच वायू, आकारमानाने जवळपास सव्वा ते दीड लिटर, आता फुग्यात आहे. फुगा फुगला म्हणजे त्याने तितकीच हवा बाजूला सारली. विहिरीत बुडवलेली घागर हलकी लागते ना? पाणी तिला वर ढकलतं. आपण सगळे हवेच्या विहिरीच्या तळाशी राहतो. हवाही वर ढकलते, फक्त फार थोडं. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. फुग्याने सव्वा लिटर हवा सारली तर काट्यावर दीडेक ग्रॅम कमी दिसणारच. आत वस्तुमान तेवढंच आहे, हवेने थोडा भार उचललाय.

हे पारखायचं असेल तर फुग्याऐवजी न फुगणारं भांडं लागेल, आणि ते घट्ट बंद करणं धोक्याचं, म्हणून तो मार्ग नको. उलटी पडताळणी करा. सोडा निम्मा, अडीच ग्रॅम घ्या. फुगा निम्मा फुगेल, घटही निम्मी व्हायला हवी. 1 ग्रॅमच्या काट्यावर ते दिसणार नाही. कुणाकडे सोनाराकडचा असतो तसा 0.1 ग्रॅमचा लहान काटा असेल तर मागून आणा.

दूरदेशी | 10 मे, रात्री 8:20

मास्तर, अभियांत्रिकी शिकलो, पण हवेची विहीर आज कळली. मुलीला आत्ता फोनवर वाचून दाखवलं.

वैनगंगा | 12 मे, दुपारी 3:33

तुरटीचे स्फटिक कुणी केलेत का? मी गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घातली, दोऱ्याला खडा बांधून टांगला. आठ दिवस झाले, तळाशी चिखलासारखा थर आहे, स्फटिक नाही. मुलगा रोज सकाळी उठून आधी बरणी बघतो आणि तोंड पाडतो.

निवृत्त_मास्तर | 12 मे, संध्याकाळी 5:50

तुरटी कुठली आणलीत? पाणी निवळायला जी मळकट, भुरभुरीत ढेकळं मिळतात, ती बहुधा नुसतं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असतात. त्याचे घरी सुबक स्फटिक बनत नाहीत. न्हाव्याकडे दाढीनंतर लावतात तशी, काचेसारखी आरपार दिसणारी वडी आणा. 20 अंशाला 100 मिली पाण्यात ही तुरटी 11-12 ग्रॅमच विरघळते, गरम पाण्यात कितीतरी जास्त. गार होताना जास्तीची बाहेर पडते, तीच खड्यावर चढायला हवी. पण गार फार सावकाश व्हायला हवं. बरणी टॉवेलात गुंडाळून फडताळात ठेवा आणि हलवू नका. पहिल्या रात्री तळाशी बारीक दाणे येतील, त्यातला सगळ्यात नीटस निवडून तो केसाएवढ्या बारीक दोऱ्याला बांधा. जाड दोरा घेतला तर स्फटिक दोऱ्यावरच चढतात.

मळकट ढेकळं फेकू नका. पावसाळ्यात गढूळ पाण्याचे दोन ग्लास भरून एकात फिरवा.

काजूबोंड | 15 मे, सकाळी 10:40

आयोडीनचं कुणी बोललं नाही. जखमेला लावायचं बीटाडीन औषधाच्या दुकानात मिळतं. वाटीभर पाण्यात चार थेंब, कोऱ्या चहासारखा रंग आला की पुरे. बटाटा, साबुदाणा, पेज, सगळं निळं-काळं होतं. पेज निळी झाल्यावर ती वाटी गरम पाण्यात ठेवा. रंग नाहीसा होतो, गार झाली की परत येतो. माझा मुलगा हे बघून अर्धा तास गप्प बसला होता, तो असा कधी बसत नाही.

त्या निळ्या पेजेत लिंबू पिळलं की रंग जातो, आणि हा मात्र परत येत नाही. जीवनसत्त्व क आयोडीनला संपवतं. ड्रॉपरने थेंब मोजले तर कशात जास्त क आहे ते ताडता येतं.

निवृत्त_मास्तर | 15 मे, दुपारी 12:15

फार सुंदर. एक सूचना. दिवाळीच्या सुट्टीत आवळ्याने कराल तेव्हा थेंब फारच कमी लागतील. आवळ्यात क भरपूर असतंच, पण त्याचा तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो, तेही आयोडीन खातं. म्हणून आवळ्यात क आहे त्याहून थोडं जास्त भासतं. आणि बीटाडीन पोटात जाऊ द्यायचं नाही, ती पेज लगेच ओतून द्या.

पाटीपेन्सिल | 24 मे, रात्री 9:05

वैनगंगा, तुमचा स्फटिक कुठवर आला?

आमचे आकडे देते. एक चमचा निळी पेज फिकी व्हायला ताज्या लिंबाचे 14 थेंब, मोसंबीचे 17, आणि काल पिळून ठेवलेल्या लिंबाचे 19. कैरीचा रस गढूळ, रंग कधी गेला यावर एकमतच झालं नाही, म्हणून वहीत "वाद" असं लिहून ठेवलंय. कालच्या लिंबाला जास्त थेंब का, हे मी सांगितलं नाही. सातवीतला म्हणाला, "रस हवेत राहून थकला." पुढच्या वेळी एक वाटी झाकून आणि एक उघडी ठेवून बघणार आहेत.

हवेची विहीर सांगितली. एका मुलाच्या काकांचं सराफी दुकान आहे, त्यांनी लहान काटा दिला. 5 ग्रॅमला घट 1.4, अडीच ग्रॅमला 0.7. मुलं अक्षरशः नाचली.

कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं की याचा डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला उपयोग होईल का. सहावीची आणि नववीची मुलं त्याला बसतात, त्यात प्रात्यक्षिकही असतं, तेव्हा होईलही. पण मी त्यासाठी करत नाहीये. अजून कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्ता यांनी पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी केली, ती बघा, त्यातलं बरंच मराठीतही आहे.

आता चुन्याच्या निवळीचं (चुना पाण्यात कालवून वर राहिलेलं नितळ पाणी, कार्बन डायऑक्साइडने दूधट होतं ते) विचारते. निशिगंध ताई, मास्तर, करू का? भीती वाटतेय, पण मुलांना श्वासातला वायू आणि सोड्यातला वायू एकच का, हे बघायचंय. प्रश्न त्यांचाच आहे.

निशिगंध | 25 मे, सकाळी 7:20

करा. चुना फक्त तुम्ही हाताळा, मुलं खोलीत नसताना. डबीतला घ्या, दाबायची पुडी नको. कळीचा चुना तर अजिबात नको, पाणी पडताच तो उकळतो. निवळी मुलांसमोर येईल तेव्हा प्रत्येकाला गॉगल, तुम्हालाही.

निवृत्त_मास्तर | 25 मे, सकाळी 8:00

मी नळीने फुंकायला लावणार नाही. एखादं मूल चुकून ओढतंच. निवळी उथळ बशीत पसरट ओता आणि वर सोडा-लिंबूसताच्या पातेल्यातला वायू पाण्यासारखा ओता. तो हवेहून जड आहे, खाली उतरतो. दूधट होईल. श्वासासाठी फुग्यात तोंडाने हवा भरा आणि फुग्याचं तोंड निवळीजवळ सैल सोडा. शिंतोडे उडू नयेत इतकं सावकाश. तिसरी बशी नुसती उघडी, रात्रभर.

वैनगंगा | 29 मे, सकाळी 6:55

न्हाव्याकडच्या तुरटीने झाला! हरभऱ्याएवढा, आठ बाजूंचा, आरपार. मुलाने तो कापसात ठेवून पेन्सिलीच्या डबीत लपवलाय, मलाही हात लावू देत नाही.

पाटीपेन्सिल | 2 जून, रात्री 10:10

वैनगंगा, मुलाला शाबासकी सांगा.

निवळी झाली. रात्री मी एकटीने केली, सकाळी वरचं पाणी काढून घेतलं. सहा गॉगल, माझा सातवा. सोड्याच्या वायूने बशी दूधट झाली, फुग्यातल्या श्वासानेही झाली, जरा उशिराने. दोन्ही वायू एकच, असं ठरवून मुलं घरी गेली. तिसरी, उघडी बशी मी विसरून गेले होते. आज सकाळी धाकटीने हाक मारली. पाण्यावर सायीसारखा पांढरा पापुद्रा धरला होता. तिने काडीने तो हलकेच एका बाजूला सारला, खालचं पाणी नितळ होतं. मग मला विचारलं, "इथे रात्रभर कोण श्वास घेत होतं?"

वही तिच्याच हातात होती. मी म्हटलं, आधी तुला काय वाटतं ते लिही. ती अजून लिहितेय.